जहाज बुडवण्यापूर्वी

(किनारपट्टीतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी आपल्या नेहमीच्या कामापासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. सेवेतून काढलेली जहाजे मुद्दाम समुद्रात बुडवायची, त्यांच्यावर सागरी जीव वाढू द्यायचे आणि पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणाऱ्या पर्यटकांना ती पाहायला न्यायचे, असा एक व्यवसाय गेल्या काही दशकांत अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन अशा देशांत उभा राहिला आहे. मजुरी, जमीन आणि महागाई यांच्यासाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्याने या हौशी लोकांच्या छंदाकडे का लक्ष द्यावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. नौदलाच्या सेवेतून १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झालेले 'गुलदार' हे जहाज फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवार येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली करण्यात आले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवती रॉकजवळच्या समुद्रात ते बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम खडक तयार करायचा, तेथे पाणबुडीतून पर्यटन सुरू करायचे, अशी ही योजना आहे. तिच्यासाठी केंद्र सरकारने ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केले. म्हणजे जो प्रश्न आजवर फ्लोरिडाचा किंवा सिडनीचा होता, तो आता वेंगुर्ले आणि मालवणचा झाला आहे.

मी येथे या कल्पनेचा विरोधक म्हणून उभा नाही, आणि तिचा भाट म्हणूनही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, बुडवलेले जहाज पुन्हा वर काढता येत नाही. रस्ता चुकला तर उखडता येतो, कायदा चुकला तर बदलता येतो. समुद्रतळाशी गेलेले हजार टनांचे पोलाद मात्र तेथेच राहते. त्यामुळे त्याचा हिशेब बुडवण्याच्या आधी आणि उघड्यावर व्हायला हवा. तो कोणी मागायचा आणि कसा मागायचा, हे इतर देशांच्या अनुभवावरून आपण शिकून घेतले पाहिजे.

खडक म्हणजे काय, आणि मासा कोठून येतो

प्रथम या गोष्टीचे शास्त्र थोडक्यात पाहू. समुद्राचा तळ पुष्कळ ठिकाणी सपाट, वाळूचा किंवा चिखलाचा असतो. कालवे, शिंपले, स्पंज, प्रवाळ यांना चिकटून बसण्यासाठी कठीण पृष्ठभाग लागतो आणि तो अशा तळावर मिळत नाही. तेथे दगड, काँक्रीट किंवा पोलाद टाकले की काही आठवड्यांतच त्यावर जीवांचा पहिला थर धरतो. त्यांना खाणारे लहान जीव येतात, लहानांना खाणारे मोठे येतात, आणि आडोसा शोधणारे गोबरे, तांबोशी यांसारखे मासे त्या कपारींत वस्ती करतात. आपल्या मच्छीमारांना हे पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. खडपाजवळ मासा असतो, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

तथापि येथे शास्त्रज्ञांमध्ये एक जुना वाद आहे आणि तो आपण नीट समजून घेतला पाहिजे. कृत्रिम खडकामुळे समुद्रातील मासा वाढतो, की आजूबाजूला पांगलेला मासा फक्त एका जागी गोळा होतो? दोन्ही गोष्टी घडतात. कोणत्या जातीच्या बाबतीत कोणती किती घडते, हे जागेवर अवलंबून असते. हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. मासा नुसताच गोळा होत असेल आणि त्या जागी पकडीवर काही बंधन नसेल, तर कृत्रिम खडक हा माशाचा आसरा न ठरता त्याचा सापळा ठरतो. यांत्रिक बोटीवाल्याला मासा शोधण्याचे डिझेल वाचते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून 'जहाज बुडवले की मासा वाढेल' हे वाक्य कोणी आपल्या सभेत बोलले, तर कोणती जात, किती वाढेल, आणि ती पकडणार कोण, हे तीन प्रश्न लगेच विचारले पाहिजेत.

युद्धनौकेचे विष

या उद्योगाचा उगम पर्यटनात नाही, तो अडगळीत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'लिबर्टी' नावाची मालवाहू जहाजे मोठ्या संख्येने बांधली. युद्ध संपल्यावर ती बंदरांत गंजत पडली. १९७२ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ही जहाजे कृत्रिम खडकांसाठी किनारी राज्यांना देण्याची सोय केली, आणि त्यानुसार टेक्सासच्या किनाऱ्यालगत बारा लिबर्टी जहाजे बुडवण्यात आली. पुढे पाण्याखाली पोहण्याचा छंद वाढला, तशी या अडगळीला बाजारात किंमत आली.

त्याच वर्षी फ्लोरिडात दुसरा एक प्रयोग झाला. फोर्ट लॉडरडेल शहराजवळ, ऑसबोर्न रीफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, मोटारींचे सुमारे वीस लाख जुने टायर गठ्ठे बांधून समुद्रात सोडले गेले. कचरा जाईल आणि मासा येईल, असे गणित होते. गठ्ठ्यांच्या पट्ट्या गंजल्या आणि तुटल्या. टायर सुटे होऊन वादळांबरोबर तळावर फिरू लागले आणि जवळच्या नैसर्गिक प्रवाळावर जाऊन आदळले. मासा तर आला नाहीच, उलट जो होता त्याचे घर मोडले. पुढे लष्कराच्या पाणबुड्यांना कामाला लावून ते टायर वर काढावे लागले आणि ते काम वर्षानुवर्षे रखडले. टाकताना ज्या योजनेचा गौरव झाला, ती निस्तरण्याचा भार शेवटी सार्वजनिक तिजोरीवर पडला.

आता सर्वांत मोठे उदाहरण घेऊ. 'ओरिस्कनी' ही अमेरिकन विमानवाहू नौका १९५० साली सेवेत आली. कोरियाच्या आणि व्हिएतनामच्या युद्धांत तिच्यावरून विमाने बाँबफेकीसाठी उडाली. १९६६ साली तिच्यावर लागलेल्या आगीत ४४ जण मृत्यू पावले. निवृत्तीनंतर तिला मोडीत काढण्याचा सौदा झाला, पण तो फसला आणि नौका पुन्हा नौदलाच्या गळ्यात पडली. अखेर १७ मे २००६ रोजी फ्लोरिडातील पेन्साकोलाच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे ६५ मीटर खोल पाण्यात, स्फोटके लावून ती बुडवण्यात आली. साधारण ९०० फूट लांबीची ही नौका ३७ मिनिटांत दिसेनाशी झाली. मुद्दाम खडक करण्यासाठी एवढे मोठे जहाज तोवर कोणी बुडवलेले नव्हते.

ती बुडवण्याच्या आधीची वर्षे कशात गेली, ते पाहण्यासारखे आहे. जुन्या युद्धनौकेत इंधन आणि तेल असते, ॲस्बेस्टॉस असते, शिशाचा रंग असतो, आणि विजेच्या तारांच्या वेष्टनात, रबरी पट्ट्यांत, रंगांत पीसीबी नावाची रसायने असतात. ही पीसीबी पाण्यात सहजासहजी नष्ट होत नाहीत. ती लहान जीवांच्या चरबीत साठतात, त्यांना खाणाऱ्या माशात त्याहून अधिक साठतात, आणि शेवटी मासा खाणाऱ्या माणसाच्या शरीरात येतात. 'ओरिस्कनी'ची साफसफाई करूनही तारांच्या वेष्टनांत सुमारे ७०० पौंड पीसीबी शिल्लक होते. ते सगळे काढायचे तर नौकाच खोलावी लागली असती. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने धोक्याचे गणित मांडून परवानगी दिली. पुढे तेथील मासे तपासले गेले, तेव्हा सुरुवातीच्या काळात त्यांच्या अंगात पीसीबीचे प्रमाण वाढलेले आढळले. नंतर ते उतरत गेले. पर्यावरणवादी संघटनांनी हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेला.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. एक, 'जहाज साफ केले आहे' या वाक्याला अर्थ नाही. काय काढले, किती काढले आणि काय शिल्लक आहे, याची यादी असते, आणि ती यादीच खरी. दुसरी, ते जहाज बुडाल्यानंतर मासे तपासण्याची व्यवस्था होती, म्हणूनच ही माहिती जगाला मिळाली. जेथे तपासणीच होत नाही, तेथे सारे काही नेहमीच ठीक असते.

समुद्र आराखडा वाचत नाही

जहाज कसे बुडेल हेही माणसाच्या पूर्ण हाती नसते. 'स्पीगेल ग्रोव्ह' ही ५१० फुटी नौका फ्लोरिडातील की लार्गोजवळ २००२ सालच्या मे महिन्यात बुडवायची होती. ती ठरलेल्या वेळेआधीच उलटली आणि तिचे नाक पाण्याबाहेर राहिले. मोठा खर्च करून तिला पूर्ण बुडवावे लागले आणि ती कुशीवर जाऊन पडली. तीन वर्षांनी, जुलै २००५ मध्ये, 'डेनिस' नावाचे वादळ आले आणि त्याने ही अवाढव्य नौका तळावर सरळ उभी केली. पर्यटन कंपन्यांना आनंद झाला. आपण मात्र विचार केला पाहिजे की, जे वादळ हजारो टनांचे जहाज पाण्याखाली फिरवू शकते, ते आणखी काय करू शकेल. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली 'टोब्रुक' हे जहाज क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ बुडवले, तेही सरळ बसण्याऐवजी कुशीवर पडले. 'टोब्रुक' हे 'गुलदार'प्रमाणेच रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या वर्गातले जहाज होते, एवढे नोंदवून ठेवतो. आपल्या किनाऱ्यावर दरवर्षी पावसाळ्यात केवढा समुद्र उसळतो, आणि मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळाने कोकणात काय केले, हे येथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

माणसांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. हौशी पाणबुड्यांसाठी साधारण ४० मीटर ही खोलीची मर्यादा मानतात. त्याखाली दाबाने नायट्रोजनची धुंदी चढते, हवा लवकर संपते आणि वर येताना थांबे घ्यावे लागतात. जहाजाच्या पोटात शिरणे तर अधिकच धोक्याचे. गाळ ढवळला की हात दिसत नाही, आणि वर जायचा रस्ता म्हणजे छत असते. मार्च २००७ मध्ये 'स्पीगेल ग्रोव्ह'च्या आत शिरलेले तीन पाणबुडे मृत्यू पावले. आपल्याकडे असा व्यवसाय वाढला, तर पाण्यात पर्यटकाचा हात धरून उतरणारी मुले आपल्याच गावांतली असतील. त्यांचे प्रशिक्षण, त्यांचा विमा, त्यांच्या उपकरणांची तपासणी, जवळच्या रुग्णालयात दाबाच्या आजारावरील उपचारांची सोय, या गोष्टी योजनेच्या खर्चात धरल्या आहेत की नाहीत, हा कामगारांच्या हक्काचा प्रश्न आहे.

अव्होका बीचची माणसे

आता मला तुमचे लक्ष ज्या घटनेकडे विशेषत्वाने वेधायचे आहे, ती सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या नौदलातील 'ॲडलेड' ही नौका २००८ साली निवृत्त झाली आणि न्यू साउथ वेल्स राज्याच्या सरकारने ती सिडनीच्या उत्तरेला अव्होका बीचसमोर बुडवायचे ठरवले. २७ मार्च २०१० ही तारीखही पक्की झाली. सरकार, पाणबुड्यांचे व्यावसायिक, पर्यटनाचे पुरस्कर्ते एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला होते त्या किनाऱ्यावर राहणारे सामान्य नागरिक. त्यांनी विचारले: आमच्या किनाऱ्याची वाळू यामुळे सरकेल काय? जहाजात शिशाचा रंग आणि पीसीबी किती उरले आहे? सुटे झालेले तुकडे कोठे जाऊन लागतील? त्यांना विकासाचे शत्रू म्हटले गेले. त्यांनी प्रशासकीय अपील न्यायाधिकरणाकडे धाव घेतली आणि बुडवण्याला स्थगिती मिळवली.

सप्टेंबर २०१० मध्ये न्यायाधिकरणाने निकाल दिला. जहाज बुडवण्यास त्याने मनाई केली नाही. पण उरलेल्या तारा, कापडी आवरणे आणि सुटत चाललेला शिशाचा लाल रंग आधी काढून टाका, अशी अट घातली. याचा अर्थ असा की, ज्या जहाजाला सरकारने स्वच्छ म्हणून प्रमाणपत्र दिले होते, त्यातून अजून काढण्याजोगे पुष्कळ होते, आणि ते नागरिकांनी विचारले म्हणूनच निघाले. १३ एप्रिल २०११ रोजी नौका सुमारे ३२ मीटर पाण्यात बुडवण्यात आली. आज तिच्याभोवती मासा आहे आणि पाणबुडेही जातात. आंदोलन हरले असे कोणाला म्हणायचे असेल तर म्हणावे. माझ्या दृष्टीने त्या नागरिकांनी जे मिळवले ते फार मोलाचे आहे. जहाज बुडाले, पण अटीसह बुडाले. विरोध म्हणजे केवळ 'नाही' म्हणणे नव्हे, 'कोणत्या अटीवर' हे विचारणे हाही विरोधाचाच भाग आहे, हे आपण त्यांच्याकडून शिकावे.

दुसरी वाट कोणती?

काही मित्र विचारतील, जहाज बुडवायचे नाही तर करायचे काय? मोडायचे. पण तो मार्गही निष्कलंक नाही, हे आपल्याहून चांगले कोणाला ठाऊक असणार? १९९७ साली निवृत्त झालेली आपली पहिली 'विक्रांत' काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे ती लिलावात विकली गेली आणि २०१४ साली मुंबईतच दारूखान्यात मोडण्यासाठी गेली. फ्रान्सची 'क्लेमांसो' ॲस्बेस्टॉससकट अलंगला पाठवण्यात आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रेंच सरकारला ती परत बोलवावी लागली. 'विराट'साठी तर महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ साली निवतीजवळच ८५२ कोटींच्या संग्रहालयाची योजना मंजूर केली होती. ती कागदावर राहिली, आणि २०२० साली ३८ कोटी ५४ लाखांना विकली गेलेली 'विराट' अलंगच्या किनाऱ्यावर चढली. मोडल्याने पोलाद पुन्हा उपयोगात येते, हातांना काम मिळते. पण ते हात बहुधा परप्रांतीय मजुराचे असतात, आणि ॲस्बेस्टॉसची धूळ त्याच्या छातीत जाते. जहाजाचे विष बुडवले तर माशाच्या अंगात जाते, आणि निष्काळजीपणे मोडले तर मजुराच्या. ते काढण्याचा खर्च मालकाने, म्हणजे ज्याने ते जहाज वापरले त्याने, उचलावा, हा दोन्ही ठिकाणचा मुद्दा एकच आहे.

आणि कृत्रिम खडक हवेच असतील, तर ते जहाजांचेच असावेत असेही नाही. दक्षिण केरळच्या मच्छीमारांनी १९८० च्या दशकात स्वतःच्या कष्टाने आणि पैशाने दगड, नारळाचे बुंधे, काँक्रीटच्या विहिरीची कडी समुद्रात टाकून आपले खडक उभे केले. ट्रॉलरांनी तळ खरवडून काढला होता. त्यावर हा त्यांचा उपाय होता. अर्थशास्त्रज्ञ जॉन कुरियन यांनी 'लोकांचे कृत्रिम खडक' म्हणून त्याचा अभ्यास केला आहे. त्या खडकांचा आणखी एक गुण म्हणजे ट्रॉलरची जाळी त्यांत अडकते, म्हणून ट्रॉलर तेथे फिरकत नाही. गळाने आणि छोट्या जाळ्याने मासा पकडणाऱ्याला मात्र ती जागा मोकळी राहते. जागा कोणी ठरवली, पैसा कोणी घातला आणि मासा कोणी पकडला, या तिन्हींचे उत्तर तेथे एकच होते.

आपण काय विचारायचे

आता सिंधुदुर्गाकडे येतो. या किनाऱ्यावर मालवण, तारकर्ली, देवबाग येथे स्कूबाचा व्यवसाय आधीच चालतो आणि अनेक मच्छीमार कुटुंबांना त्यातून उत्पन्न मिळते. हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर याच किनाऱ्यावर रापणकर आणि पर्ससीनवाले यांचा संघर्ष वर्षानुवर्षे पेटलेला आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, तेव्हापासून मच्छीमारांच्या मनात त्याविषयी भय राहिले आहे. अशा किनाऱ्यावर एखाद्या नव्या जागेभोवती सरकारी रेघ ओढली जाते, तेव्हा ती रेघ कोणासाठी कुंपण आणि कोणासाठी दार ठरेल, हे आधीच विचारावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी की, या आणि यापुढच्या अशा प्रत्येक योजनेबाबत आपण पाच गोष्टींची मागणी धरावी. पहिली, जहाजातून काढलेल्या आणि शिल्लक राहिलेल्या घातक द्रव्यांची यादी मराठीत छापून किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावी. दुसरी, जहाज बुडवण्याच्या आधी त्या जागेचे पाणी, गाळ आणि मासा यांची तपासणी व्हावी, आणि नंतर ती ठराविक मुदतीने निदान दहा वर्षे चालू राहून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध व्हावेत. आधीची नोंद नसेल, तर नंतरच्या तुलनेला आधार राहत नाही. तिसरी, त्या परिसरात मासेमारीवर बंधने येणार असतील तर ती मच्छीमार सोसायट्यांशी लेखी करार करूनच यावीत. आणि पारंपरिक मच्छीमाराला जेथे मनाई, तेथे यांत्रिक जाळ्यालाही मनाई असावी. चौथी, पर्यटनाच्या परवान्यांत स्थानिक सहकारी संस्थांना प्रथम हक्क असावा. सार्वजनिक पैशाने बुडवलेले जहाज पाहण्याचे तिकीट एखाद्या बाहेरच्या भांडवलदाराच्या गल्ल्यात जाऊ नये. पाचवी, पंचवीस-तीस वर्षांनी पोलाद गंजून पत्रे ढासळू लागतील, तेव्हा जबाबदार कोण, हे आजच लिहून ठेवावे आणि त्यासाठी निधी बाजूला काढावा.

यांतील एकही मागणी अवाजवी नाही. समुद्रात वस्तू टाकण्याविषयी १९७२ साली लंडन येथे झालेला आंतरराष्ट्रीय करारही कृत्रिम खडकाला मोकळीक देताना तो कराराच्या उद्देशाविरुद्ध नसावा, अशी अट घालतो. खडकाच्या नावाखाली कचरा टाकू नका, एवढाच त्याचा सरळ अर्थ.

मित्रहो, समुद्राचा सातबारा नसतो. जमीन घ्यायची झाली तर निदान नोटीस निघते, मोजणी होते, मोबदल्याचा वाद होतो. समुद्राच्या बाबतीत त्यातले काहीच होत नाही. ज्याची होडी तेथे रोज जाते, त्याच्या नावावर तेथे एक इंचही नसतो. म्हणूनच त्याच्या वतीने प्रश्न विचारण्याची जबाबदारी संघटनेवर येते. निवती, भोगवे, कोचरे, वेंगुर्ले येथील कार्यकर्त्यांनी येत्या महिन्यात मच्छीमार सोसायट्यांच्या बैठका घ्याव्यात, या पाच मागण्या त्यांच्यापुढे ठेवाव्यात, त्यांना सुचतील त्या आणखी जोडाव्यात, आणि माहितीच्या अधिकाराखाली महामंडळाकडे पहिला अर्ज त्या सोसायट्यांच्या सहीने जावा. आपण फक्त तो लिहून द्यायला मदत करू.